टीएलसीवर, म्हणजे सिलिका लावलेल्या छोट्या प्लेटवरच्या चाचणीत, दोन ठिपके वेगळे, कॉलममधून, म्हणजे सिलिका भरलेल्या उभ्या काचनळीतून, मात्र सगळं एकत्र. असं का होतं?

प्रश्न विचारणारा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आपल्या सोलापुरातलाच. त्याने ॲसिटॲनिलाइडचं नायट्रेशन केलं (नायट्रो ग्रुप जोडला), पुढे हायड्रोलिसिस केलं (ॲसिटाइल ग्रुप तोडला) आणि हातात ऑर्थो आणि पॅरा नायट्रोॲनिलिनचं मिश्रण आलं. हेक्सेन आणि इथाइल ॲसिटेट निम्मं-निम्मं घेऊन टीएलसी केली तर दोन ठिपके वेगळे दिसतात, आरएफ (ठिपका वर चढणाऱ्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे त्या द्रवाच्या, मानाने किती वर गेला तो आकडा) ०.७२ आणि ०.५८. पण कॉलम तीन वेळा लावला आणि तिन्ही वेळा जवळपास प्रत्येक ट्यूबमध्ये दोन्ही निघाले. माल ५०० मिलिग्रॅम, सिलिका २० ग्रॅम, ६०-१२० मेश (कणांचा आकार, आकडा जितका मोठा तितके कण बारीक), माल ५ मिली इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून वरून ओतला, खाली गळणारं सॉल्व्हंट २०-२० मिलीच्या ट्यूबमध्ये धरलं. विचारलंय की कॉलम अजून लांब घेऊ का भारीतली सिलिका मागवू, गाइड म्हणतात तुझं पॅकिंग, म्हणजे सिलिका भरणं, चुकायलंय.

तुला तू म्हणतो, माझ्या मुलाच्या वयाचा असशील. मी चिंचोळी एमआयडीसीत बल्क ड्रगच्या (औषधांच्या कच्च्या मालाच्या) आर अँड डीमध्ये तेवीस वर्षं काढली, त्याआधी दोन वर्षं एका डाय हाऊसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये होतो, त्यामुळे कॉलम आणि रंग या दोन गोष्टींत हात बराच भिजलाय. सरळ सांगतो, लांब कॉलम नको आणि नवी सिलिका पण नको, निदान आत्ता तरी नको. पॅकिंगही असेल थोडं चुकलेलं, पण तिन्ही वेळा सारखाच निकाल येतोय म्हणजे चूक हाताची कमी आणि सॉल्व्हंटची जास्त आहे. तुझा खरा प्रश्न असा आहे की दोन रेणूंच्या सिलिकेकडच्या ओढीतला जो फरक आहे तो तू दिसायच्या आतच पुसून टाकायलास.

आधी हे दोन रेणू नीट बघू, कारण तुझं मिश्रण खरं तर शिकायला फार छान मिश्रण आहे. दोघांचं सूत्र एकच, वजन एकच, ग्रुप तेच, एक अमिनो आणि एक नायट्रो. फरक फक्त कोण कुठे बसलाय याचा. ऑर्थोमध्ये अमिनो आणि नायट्रो शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे अमिनोचा एक हायड्रोजन शेजारच्या नायट्रोच्या ऑक्सिजनशी आतल्या आतच हायड्रोजन बाँड करून बसतो, म्हणजे त्याचा एक हात घरातच गुंतलेला. पॅरामध्ये दोघं रिंगच्या दोन टोकांना, तिथे आतल्या आत हात पोचत नाही, म्हणून पॅराचे सगळे हात बाहेरच्याला धरायला मोकळे. मेल्टिंग पॉइंट बघ की, ऑर्थो ७१-७२ अंशाला वितळतो आणि पॅराला १४६ च्या पुढे जावं लागतं. एवढा मोठा फरक फक्त रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात यातून आलाय. नायट्रोफिनॉलमध्ये पण हीच गोष्ट आहे, बीएस्सीला ऑर्थो नायट्रोफिनॉल वाफेबरोबर निघून जायचं आणि पॅरा फ्लास्कमध्येच राहायचं ते आठवत असेल, कारण तेच.

आता सिलिका. सिलिका जेलच्या पृष्ठभागावर सगळीकडे सिलिकॉनला लागलेले ओएच ग्रुप असतात आणि हे ओएच जो मोकळा हात दिसेल तो धरतात. पण हे धरणं कायमचं नसतं, हायड्रोजन बाँड मोडायला मोलमागे साधारण १० ते ४० किलोज्यूल लागतात तर कार्बन-कार्बन बाँडला साडेतीनशेच्या आसपास, म्हणून रेणू चिकटतो, सुटतो, थोडा पुढे जातो, परत चिकटतो, असं कॉलमभर असंख्य वेळा चालू असतं. पॅरा जास्त वेळ चिकटून राहतो म्हणून मागे, ऑर्थो लवकर सुटतो म्हणून पुढे. एका चिकटण्यातला फरक अगदी बारीक असतो पण तो इतक्या वेळा जमा होतो की शेवटी दोन वेगळे पट्टे डोळ्यांनी दिसतात.

मी नव्या पोरांना हे सांगताना गड्ड्याच्या जत्रेचं उदाहरण देतो. जानेवारीत होम मैदानावर दोघी मैत्रिणी एकाच वेळी आत शिरल्या, एक प्रत्येक बांगड्यांच्या दुकानापाशी थांबते, दुसरी क्वचित कुठेतरी. मोकळ्या दिवशी शेवटच्या टोकाला दोघींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर पडतं. पण संक्रांतीच्या ऐन गर्दीत मागून असा रेटा येतो की थांबायची हौस असली तरी थांबता येत नाही आणि दोघी बरोबरच बाहेर पडतात. तुझं निम्मं-निम्मं इथाइल ॲसिटेट म्हणजे ही ऐन गर्दी आहे. इथाइल ॲसिटेटचा ऑक्सिजन सिलिकाच्या ओएचवर स्वतः जाऊन बसतो आणि तुझ्या मालाला बसू देत नाही, त्यामुळे पॅराला धरायला जागाच मिळत नाही.

आता आकड्यात बघ, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. टीएलसीवर ०.७२ आणि ०.५८ मध्ये ०.१४ चं अंतर दिसतं आणि वाटतं बरं आहे की. पण कॉलमवर आरएफ नाही, आरएफचा व्यस्त महत्त्वाचा. एखादी गोष्ट कॉलममधून बाहेर यायला जेवढे कॉलम व्हॉल्यूम (एक कॉलम व्हॉल्यूम म्हणजे भरलेल्या कॉलममध्ये मावतं तेवढं सॉल्व्हंट) सॉल्व्हंट लागतं ते साधारण एक भागिले आरएफ. ०.७२ ला १.३९ आणि ०.५८ ला १.७२, म्हणजे फरक ०.३३ कॉलम व्हॉल्यूम. २० ग्रॅम सिलिकाचा कॉलम व्हॉल्यूम अंदाजे ३० मिली धर, म्हणजे तुझे दोन पट्टे एकमेकांपासून जेमतेम १० मिलीवर आहेत आणि तू ट्यूब धरायलास २० मिलीच्या! पट्टे जगातल्या सगळ्यात चांगल्या पॅकिंगने आले असते तरी तुझ्या ट्यूबमध्ये एकत्रच पडले असते. शिवाय पट्ट्याला स्वतःची पण रुंदी असते, ५०० मिलिग्रॅम मालाचा पट्टा काही सुतासारखा बारीक येत नाही.

आता समज तू इथाइल ॲसिटेट कमी केलंस आणि ठिपके ०.३५ आणि ०.२० वर आणलेस. दिसायला अंतर ०.१५, म्हणजे जवळपास तेवढंच. पण व्यस्त काढ, २.८६ आणि ५. फरक २.१४ कॉलम व्हॉल्यूम, तुझ्या कॉलमवर ६० मिलीच्या वर. तोच कॉलम, तीच सिलिका, तोच माल, आणि १० मिलीचे साठ मिली झाले. म्हणून मी म्हणतो लांब कॉलम नको. लांबी दुप्पट केलीस तर रिझोल्यूशन, म्हणजे पट्टे किती वेगळे होतात ते, दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढतं, म्हणजे १.४ पट, आणि सॉल्व्हंट मात्र दुप्पट जातं.

बारीक सिलिकेबद्दल पण सांगून टाकतो. २३०-४०० मेशने पट्टे बारीक येतात हे खरं आहे, पण ती नुसत्या गुरुत्वाकर्षणावर थेंब-थेंब चालते, वरून हवेचा दाब द्यावा लागतो. रसायनशास्त्रज्ञ क्लार्क स्टिल यांनी १९७८ मध्ये फ्लॅश कॉलमची पद्धत मांडली ती याचसाठी, आणि गंमत बघ, त्यांनीसुद्धा हवा तो ठिपका ०.३५ च्या आसपास आणा असंच सांगितलंय. म्हणजे भारीतली सिलिका आणलीस तरी सॉल्व्हंटचं काम सुटत नाही. तुमच्या डिपार्टमेंटला १००-२०० मेश मिळत असेल तर ती घे, ६०-१२० पेक्षा बरी, पण त्यासाठी अडून बसू नको.

दुसरी चूक माल टाकण्यात. ३० मिलीच्या कॉलमवर तू ५ मिली निव्वळ इथाइल ॲसिटेट ओतलंस, म्हणजे सुरुवातीलाच तुझा सगळा माल त्या ५ मिलीबरोबर कॉलमच्या वरच्या भागात वाहत गेला आणि पट्टा सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन बोटं रुंद झाला. मला कळतं तू असं का केलंस, पॅरा हेक्सेनमध्ये विरघळतच नाही. अशा वेळी ड्राय लोडिंग करायचं, म्हणजे माल सिलिकेवर सुकवून मग टाकायचा. माल थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळव, त्यात मालाच्या तिप्पट सिलिका, म्हणजे दीड ग्रॅम, टाक आणि रोटावर (कमी दाबावर सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) हळूहळू ॲसिटोन उडव. पावडर अशी व्हायला पाहिजे की फ्लास्क वाकडा केला की रवा घसरतो तशी घसरली पाहिजे, जरा जरी गोळा होत असेल तर ॲसिटोन राहिलंय असं समज आणि अजून उडव. ही पिवळी पावडर कॉलमवर सपाट पसरायची, वर बोटभर जाडीचा वाळूचा थर द्यायचा म्हणजे सॉल्व्हंट ओतताना खड्डा पडत नाही.

तर तुझ्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आधी एक संध्याकाळ नुसत्या टीएलसीला दे. हेक्सेन आणि इथाइल ॲसिटेट नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन अशा तीन बाटल्या कर आणि तिन्हीत प्लेट चालव, जिथे वरचा ठिपका ०.३५ च्या जवळ आणि खालचा ०.२० किंवा त्याखाली दिसेल ते सॉल्व्हंट घे. नेमकं प्रमाण मी इथून सांगत नाही, कारण ते प्लेट किती कोरडी आहे त्यावर बदलतं. सिलिका हवेतलं पाणी धरते आणि पाणी बसलेले ओएच कामाचे राहत नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये मिळालेला आरएफ आणि जुलैच्या पावसात मिळालेला आरएफ सारखा येत नाही. शंका असेल तर प्लेट ११० अंशाला अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवून मग वापर. मग कॉलम स्लरीने भर, हेक्सेनमध्ये सिलिका कालवून एका धारेत ओत आणि बाजूने रबरी नळीने टकटक करत राहा, नळ उघडा ठेव म्हणजे बसत जाते. सुरुवात निवडलेल्या सॉल्व्हंटने. तुझं नशीब चांगलं की दोन्ही रंगीत आहेत, ऑर्थो नारिंगी-पिवळा, पॅरा उजळ पिवळा. साधारण दीड-दोन कॉलम व्हॉल्यूम गेल्यावर एका पट्ट्याचे दोन पट्टे होताना दिसतील, मधे एक फिकट पट्टी येईल, ती रुंद होत जाईल. तेवीस वर्षांत किती कॉलम लावले मोजले नाहीत पण ती फिकट पट्टी उमटताना दिसली की अजून मी स्टूल ओढून समोर बसतो. ऑर्थो पूर्ण खाली उतरला, दोन ट्यूब रंग न येता गेल्या, की मग सॉल्व्हंट वाढव, आता निम्मं-निम्मं कर म्हणजे पॅरा लवकर निघून येईल, त्याला उगाच दुपारभर थांबवायचं कारण नाही. ट्यूब ५-६ मिलीच्या धर. आणि ट्यूबचा रंग बघून एकत्र करू नको, प्रत्येक दुसऱ्या ट्यूबची टीएलसी करूनच एकत्र कर, रंग डोळ्याला फसवतो.

आता सोलापूरच्या उन्हाची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण तू मे महिन्यात प्रोजेक्ट संपवायच्या घाईत असशील. डीसीएम (डायक्लोरोमिथेन, कॉलमला वापरतात ते अजून एक सॉल्व्हंट) ४० अंशाला उकळतं आणि आपल्याकडे मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ ला असतो. मी नोकरीला नवीन असताना एकदा एसी बंद पडला होता आणि मी तरीही डीसीएमचा कॉलम चालू ठेवला, म्हटलं अर्ध्या तासाचं तर काम आहे. दोनच्या सुमारास सिलिकेत आधी बारीक बुडबुडे दिसायला लागले, मग बघता बघता आडवी भेग पडली, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते तशी, आणि पट्टा त्या भेगेतून एका बाजूने सरळ खाली घसरला. दोन दिवसांचा इंटरमीडिएट (मधल्या टप्प्याचा माल) होता तो, सगळा परत एकत्र करून परत करावा लागला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी डीसीएम शक्यतो टाळतो, टाळता आलं नाही तर सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत संपवतो. हेक्सेन ६९ ला आणि इथाइल ॲसिटेट ७७ ला उकळतं, त्यामुळे तुझ्या सॉल्व्हंटला तेवढा धोका नाही, पण पेट्रोलियम इथर ४०-६० हेक्सेनच्या ऐवजी देत असतील तर तीच गत होईल. आणि रात्री कॉलम अर्धवट सोडून घरी जाऊ नको, पट्टे जागेवर उभे राहिले तरी पसरत राहतात.

कॉलमच लावायचा का, हा प्रश्न पण तू स्वतःला विचारायला हवा होता. कॉलम हे माझ्या हिशोबाने शेवटचं हत्यार आहे. कंपनीत किलोवर काम गेलं की कॉलमचं सॉल्व्हंट आणि वेळ परवडत नाही, म्हणून आधी ओढीतला फरक दुसऱ्या कुठल्या स्वस्त मार्गाने वापरता येतो का ते बघायचं. मिश्रणात एक ॲसिड आणि एक न्यूट्रल असेल तर सेपरेटिंग फनेलमध्ये सोडियम बायकार्बोनेटने धुतलं की ॲसिड मीठ होऊन पाण्याकडे जातं, दहा मिनिटांचं काम. तुझ्या बाबतीत तर एक पायरी आधीच सोपी वाट होती. नायट्रेशन झाल्यावर, हायड्रोलिसिसच्या आधी, नायट्रोॲसिटॲनिलाइड इथेनॉलमधून क्रिस्टलाइज केलं असतंस तर ऑर्थो इथेनॉलमध्ये जास्त विरघळतो म्हणून तो पिवळा होऊन मदर लिकरमध्ये (उरलेल्या द्रवात) राहिला असता आणि पॅराचे जवळपास पांढरे क्रिस्टल बाहेर पडले असते. तुला फक्त पॅरा हवा असेल तर पुढच्या बॅचला हेच कर, कॉलमची गरजच पडणार नाही. दोन्ही हवे असतील किंवा प्रोजेक्टमध्ये कॉलम दाखवायचाच असेल तर वर सांगितलं तसं.

आणि प्रत्येक वेळी फरक असतोच असं पण नाही. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, ज्यांच्याकडे डिस्टिलरी आहे तिथे जाऊन बघ. इथेनॉल ७८ ला उकळतं, पाणी १०० ला, वाटतं नुसतं उकळून वेगळं होईल, पण वजनाने ९५.६ टक्क्यांवर येऊन थांबतं, कारण तिथे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच होतं, ॲझिओट्रोप. मग डिस्टिलेशन कॉलममधल्या प्लेट कितीही वाढवा, पुढे जात नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल त्याच्या पुढे कोरडं लागतं, म्हणून तिथे ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सिव्हमधून (रेणूएवढ्या बारीक भोकांच्या दाण्यांमधून) वाफ नेतात, पाण्याचा रेणू त्या भोकात शिरतो आणि इथेनॉलचा शिरत नाही. म्हणजे एका प्रकारचा फरक संपला की दुसऱ्या प्रकारचा शोधायचा. तुझ्या कॉलमला पण हेच लागू, हेक्सेन-इथाइल ॲसिटेटचं कुठलंही प्रमाण घेऊन ठिपके वेगळे होत नसते तर मी तुला टोल्यूइन किंवा डीसीएम वापरून बघ म्हटलं असतं, कारण ते वेगळ्या पद्धतीने ओढतात. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही.

तुझ्या गाइडना हे दाखवायचं असेल तर अजून एक गोष्ट सांग, आपल्या गावाशी जवळची आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०६ मध्ये पानांतले रंग खडूच्या पावडरीवर वेगळे केल्याचं छापलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण मार्टिन आणि सिंज, ज्यांना १९५२ चं नोबेल मिळालं, ते इंग्लंडमधल्या लीड्सला लोकरीच्या रिसर्च लॅबमध्ये होते आणि लोकरीतली अमिनो ॲसिड वेगळी करताना त्यांनी सिलिका जेलवर पाणी धरून ठेवलं आणि वरून क्लोरोफॉर्म सोडला. कापडाच्या धंद्यातूनच हे शास्त्र पुढे आलं. आज आपल्या इथला टॉवेल युरोपला जायचा असेल तर रंगातून निघणारे ठराविक अमाइन किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आहेत का हे तपासतात, ते पण क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे टीएलसी आणि कॉलम ज्या तत्त्वावर चालतात त्यानेच. डाय हाऊसमध्ये असताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी तेव्हाच जास्त मन लावून शिकलो असतो.

जाता जाता, हातमोजे घाल. पॅरा नायट्रोॲनिलिन कातडीतून आत जातं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन नेऊ देत नाही, ओठ-नखं निळी पडतात. ड्राय लोडिंगची पावडर उडते तेव्हा मास्क पाहिजेच, सिलिकेची धूळ फुप्फुसाला वाईट. आणि हेक्सेन उघडं असताना आसपास बर्नर किंवा हॉट प्लेट चालू नको, मग ती शेजारच्या टेबलवर दुसऱ्या कोणाची असली तरी जाऊन बंद करायला सांग.

आधी त्या तीन बाटल्यांची टीएलसी कर. तिन्हीचे आरएफ लिहून कळव, पॅरा ०.२० वर कुठल्या प्रमाणात आला ते मला बघायचंय, मग ट्यूब किती मिलीच्या धरायच्या ते नेमकं काढून देतो.